डाव्या हाताने लिहिलेले पुस्तक



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे आणि तिच्यात आम्हीही चार ओळी लिहाव्यात असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. आम्ही काही लेखक नव्हे. उभी हयात गिरणीत साच्याच्या खडखडाटात गेली. शाळा लवकर सुटली. जे काही वाचलं ते पाळी संपल्यावर, आसनगाव लोकलमध्ये आणि रात्री घरातल्या दिव्याखाली. तेव्हा भाषेत काही कमी-जास्त झाले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आपल्या विहारात तथागतांच्या मूर्तीजवळ बाबासाहेबांची तसबीर असते आणि तिच्या शेजारी बहुधा महात्मा जोतीराव फुले यांची. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू मानले. 1946 साली शूद्र पूर्वी कोण होते हा ग्रंथ लिहिला तोही त्यांनी महात्मा फुल्यांनाच अर्पण केला. दर वर्षी 11 एप्रिलला आपण जयंती करतो, मुलींची शाळा, पाण्याचा हौद, सत्यशोधक समाज यांवर भाषणे होतात. ते बरोबरच आहे. पण तात्यासाहेबांच्या आयुष्याची शेवटची सव्वादोन वर्षे कुणी फारशी सांगत नाही. त्या वर्षांत त्यांचे उजवे अंग लुळे पडले होते. आपल्या लेकराबाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्या दिवसांतून काही घेण्यासारखे आहे, म्हणून आज आम्ही तेवढ्यावरच जरा विस्ताराने लिहिणार आहोत.

आधीची हकीकत थोडक्यात

जोतीरावांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याचा धंदा म्हणून पुढे फुले हे आडनाव पडले. जन्म 11 एप्रिल 1827. आई चिमणाबाई मूल वर्षाचे होते न होते तोच गेली. वडील गोविंदराव यांनी दुसरे लग्न केले नाही. सगुणाबाई नावाच्या नात्यातल्या विधवा बाईने या लेकराला सांभाळले. लोकांचे ऐकून वडिलांनी मुलाला एकदा शाळेतून काढले होते. शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजीट साहेब यांनी समजूत घातली तेव्हा 1841 साली तो पुन्हा शाळेत गेला. बघा, एका मुस्लिमाने आणि एका ख्रिस्ती माणसाने शब्द टाकला नसता तर हा मुलगा बागेत खुरपंच धरून राहिला असता.

1848 साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंना स्वतः शिकवून शिक्षिका केले. त्याबद्दल 1849 साली नवरा-बायकोला घर सोडावे लागले. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. 1863 साली फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. 1873 साली गुलामगिरी हे पुस्तक आले आणि त्याच वर्षी 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. 1882 साली हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. 1883 साली शेतकऱ्याचा असूड लिहिला.

हा सगळा व्याप सरकारी पगारावर किंवा वर्गणीवर चाललेला नव्हता. तात्यासाहेब बांधकामाची कंत्राटे घेत, शेती करीत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध आला, तिथे दगडमातीत राबणाऱ्या बायाबापड्यांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले. मिळवलेला पैसा शाळांत, अनाथ मुलांत आणि छपाईत गेला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे आजारपणात त्याची झळ बसली.

घाट उतरून आलेली चळवळ

सापगावच्या वाचकांना पुणे लांब वाटेल. पण ही चळवळ आपल्यापासून लांब नव्हती. मुरबाडवरून माळशेज घाट चढून गेले की पलीकडे ओतूर आणि जुन्नर लागते. तिथल्या शेतकऱ्यांनी 1884 च्या सुमारास भटाशिवाय लग्ने लावायला सुरुवात केली आणि पुरोहितांनी त्यांना कोर्टात खेचले. या शेतकऱ्यांच्या पाठीशी सत्यशोधक समाज होता.

आणि आम्हा गिरणी कामगारांचे तर नातेच वेगळे. नारायण मेघाजी लोखंडे हे आपल्या ठाण्यात जन्मलेले, मुंबईच्या गिरणीत नोकरी केलेले, आणि पक्के सत्यशोधक. 1880 पासून दीनबंधू हे पत्र त्यांनी मुंबईतून चालवले. 1884 साली परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांनी 5500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्यात आठवड्याची एक सुट्टी ही मुख्य मागणी होती. त्या काळी गिरणीत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि हक्काची सुट्टी नावालाही नाही. पुढे 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन कामगार बायांनी भाषणे केली, आणि 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज कुणी रविवारी घरी बसून मुलाला मांडीवर घेतो तेव्हा त्याने लोखंड्यांची आठवण काढावी, आणि लोखंड्यांच्या मागे उभ्या असलेल्या तात्यासाहेबांची. ती सुट्टी मिळाली तेव्हा तात्यासाहेब पुण्यात निम्म्या अंगाने जगत होते. आता तीच हकीकत सांगतो.

1888 चे साल

1888 चे साल मोठे विचित्र उगवले. मार्च महिन्यात पुण्यात इंग्लंडच्या राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सत्काराची मेजवानी होती. मोठमोठे लोक जरीचे कपडे घालून आले. तात्यासाहेब फाटक्या शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि राजपुत्राला खरी रयत कशी दिसते ते दाखवून दिले. मग 11 मे 1888 रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात मोठी सभा झाली. चाळीस वर्षे झिजल्याबद्दल रावबहादूर विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांच्या हस्ते त्यांना महात्मा ही पदवी अर्पण झाली. ही पदवी कुठल्या राजाने किंवा विद्यापीठाने दिलेली नव्हे. कष्टकरी माणसांनी आपल्या माणसाला दिलेला तो मान होता.

आणि दोनच महिन्यांत, जुलै 1888 मध्ये, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वय वर्षे 61.

आपल्याकडे याला लकवा म्हणतात. मेंदूकडे जाणारा रक्ताचा पुरवठा तुंबला किंवा रक्तवाहिनी फुटली की हा झटका येतो. मेंदूची डावी बाजू उजव्या अंगावर ताबा ठेवते, म्हणून डावीकडे इजा झाली की उजवा हात-पाय लुळा पडतो. आज हे आपण दवाखान्यातल्या फिल्मवर बघू शकतो. 1888 साली असले काही नव्हते. तरीही तात्यासाहेबांचे स्नेही आणि सत्यशोधक समाजातले नामांकित डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर शर्थीने उपचार केले. सावित्रीबाईंनी रात्रीचा दिवस केला. जीव वाचला. पण उजवा हात काही पहिल्यासारखा झाला नाही.

जरा विचार करा, तो हात कसला होता? शेतात राबलेला, शाळेच्या फळ्यावर अक्षरे काढलेला, गुलामगिरी आणि असूड लिहिलेला. ज्या माणसाची सगळी लढाई लेखणीवर आणि जिभेवर चालली, त्याचा लेखणीचा हातच गेला! दुसरा कुणी असता तर म्हणाला असता की झाले तेवढे पुष्कळ झाले, महात्मा पदवी मिळाली, आता स्वस्थ पडून राहू. तसे म्हटले असते तरी कुणी नाव ठेवले नसते.

डावा हात

तात्यासाहेबांना एक पुस्तक लिहायचे होते. त्यांच्या आधीच्या पुस्तकांत जुन्या धर्माने बहुजनांना कसे गुलाम केले ते आले होते. पण मग माणसाने जगावे कसे, लग्न कसे लावावे, मयताचे काय करावे, पाप कशाला म्हणावे आणि पुण्य कशाला, हे एका ठिकाणी सांगायचे राहिले होते. लोक जुने सोडायला तयार झाले तर त्यांच्या हातात नवे काहीतरी द्यायला हवे ना!

म्हणून त्यांनी डाव्या हातात टाक धरला.

आमच्यासारख्या हाताने काम करणाऱ्या माणसाला यातले कष्ट चटकन कळतात. साच्यावर धागा तुटला की गाठ मारायची असते. ज्या हाताला जी सवय ती सवय. आमच्या खात्यात एकाची उजव्या हाताची बोटे यंत्रात सापडून गेली. साधी गाठ डाव्या हाताने मारायला त्याला कित्येक महिने लागले. सुरुवातीला तो रडकुंडीला यायचा. आणि ही तर नुसती गाठ. इथे साठी ओलांडलेला आजारी माणूस, शाईत टाक बुडवून, एकेक अक्षर नव्याने गिरवायला शिकतो आहे, जसे पहिलीतले पोर शिकते. डावा हात थरथरणार, अक्षर वाकडे येणार, ओळ खाली जाणार, पाठ भरून येणार. रोज किती लिहून होत असेल ते ज्याचे त्याने समजावे. ते पान पान लिहीत राहिले आणि 1889 साली पुस्तक पुरे केले. त्याचे नाव सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक.

याच काळात आणखी एक गोष्ट त्यांनी अडू दिली नाही. दत्तक मुलगा यशवंत, जो एका विधवेच्या पोटी त्यांच्याच गृहात जन्मला होता, त्याचे लग्न 4 फेब्रुवारी 1889 रोजी हडपसरच्या ससाणे यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीने लावले. अंगाने अधू झालेला बाप स्वतःच्या घरात तत्त्व पाळून दाखवतो, याला म्हणतात आचरण.

त्या पुस्तकात काय आहे

आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी हे पुस्तक असेल, पण उघडले गेले असेल असे नाही. प्रश्न आणि उत्तरे अशी बरीचशी त्याची मांडणी आहे, म्हणून वाचायला जड नाही. सगळे मानव स्त्री-पुरुष एकाच निर्मिकाची लेकरे आणि जन्माने सारखे, हा त्याचा पाया. आपण बौद्ध माणसे निर्मिक मानत नाही, ही गोष्ट वेगळी. पण त्या पायावर तात्यासाहेबांनी जी इमारत उभी केली ती बघण्यासारखी आहे. नैवेद्य, अनुष्ठान, स्वर्ग, दैव, आकाशातले ग्रह, राशी, एकेक गोष्ट घेऊन ती तर्काला टिकते का ते त्यांनी तपासले. सत्याने वागणाऱ्या माणसाचे 33 नियम सांगितले. बाईला पुरुषाइतके सगळे हक्क, उलट बाईच श्रेष्ठ, असे त्या काळात लिहिले.

आणि त्यात एक घर वर्णिले आहे. त्या घरातली बाई वाटले तर बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून तो धर्म स्वीकारील, तिचा नवरा ख्रिस्ती होईल, मुलगी मुसलमान होईल, मुलगा सत्यधर्मी राहील, आणि तरी चौघांनी एकमेकांचा हेवा न करता प्रेमाने एका कुटुंबात राहावे, असा त्याचा आशय आहे. 1956 च्या दीक्षेच्या जवळजवळ सदुसष्ट वर्षे आधी, पुण्यातला एक माळी, लुळ्या उजव्या हाताचा, डाव्या हाताने लिहितो आहे की घरातली बाई आपल्या मर्जीने बौद्ध होऊ शकते! आपल्या आयाबहिणींनी हे जरूर लक्षात ठेवावे.

शेवटचे दिवस

आजारपण लांबले तशी पैशाची ओढाताण सुरू झाली. साठवलेले काही नव्हते. ज्याने दुसऱ्यांच्या लेकरांवर पैसा ओतला त्याच्या औषधालाच पैसा कमी पडू लागला. मामा परमानंद हे जुने स्नेही, त्यांनी 1890 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या कुटुंबाला मदत करण्याची विनंती केली. पण तात्यासाहेबांच्या हातून वेळ निघून चालली होती.

28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांनी देह ठेवला. मयतीच्या वेळी टिटवे कुणी धरायचे यावर भाऊबंदांनी खोडा घातला, कारण दत्तक मुलगा त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हातात घेतले आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. त्या जमान्यात बाईने असे करणे म्हणजे केवढे धाडस! पुस्तक 1891 साली छापून निघाले. लिहिणाऱ्याने ते छापलेले पाहिले नाही. यशवंत पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई 10 मार्चला गेल्या. त्याच्या महिनाभर आधी, 9 फेब्रुवारीला, लोखंडेही प्लेगनेच गेले होते.

गुरू आणि शिष्य

इथे आम्हाला बाबासाहेबांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. शेवटच्या वर्षांत बाबासाहेबांचे शरीरही साथ देत नव्हते. मधुमेह, पायांच्या वेदना, अधू होत चाललेली नजर, चालताना दुसऱ्याचा आधार. अशा अंगाने त्यांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ लिहिला, अशाच अंगाने 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला उभे राहून लाखो लोकांना दीक्षा दिली. 5 डिसेंबरच्या रात्रीही ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी जवळ ठेवून घेतले होते. 6 डिसेंबरला परिनिर्वाण झाले आणि ग्रंथ 1957 साली प्रसिद्ध झाला. गुरूने शेवटचे पुस्तक लिहिले ते धर्मावर, शिष्याने लिहिले तेही धम्मावर. दोघांचे शरीर खचलेले, दोघांनीही ते छापलेले पाहिले नाही. दोघांनाही माहीत होते की आपण राहणार नाही, पण मागे राहणाऱ्यांच्या हाती काहीतरी द्यायचे आहे. आपण ते मागे राहिलेले लोक आहोत. म्हणून आपली जबाबदारी.

आपण काय करायचे

हे वाचून नुसते धन्य धन्य म्हणून स्मरणिका कपाटात ठेवली तर आमचे लिहिणे फुकट गेले. आपल्या गावात, आपल्या नात्यात लकव्याने बसलेली म्हातारी माणसे आहेत, पायाने अधू पोरे आहेत, न दिसणारी, न ऐकू येणारी लेकरे आहेत. सरकारी कागदावर आता दिव्यांग लिहितात, आमच्या तोंडात अपंग शब्द बसला आहे. शब्द कोणताही असो, वागणूक कशी आहे? पाहुणे आले की अशा मुलाला आतल्या खोलीत बसवतात. आणि शेजारची एखादी बाई हळूच म्हणते की मागच्या जन्मीचे भोग आहेत. धम्म स्वीकारलेल्या घरात हे शब्द यायला नकोत. मागच्या जन्मीच्या पापाचा हा सिद्धान्त बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात तपासून नाकारला आहे. तात्यासाहेबांचा हात गेला तो कुठल्या पापाने? मुलींना शिकवल्याच्या? हौद मोकळा केल्याच्या? आजार हा आजार असतो, त्याला कारण असते आणि कारणावर इलाज असतो.

तेव्हा पहिली गोष्ट. तोंड वाकडे झाले, एक हात गळाला, बोबडी वळली, की तेल चोळत किंवा भगताकडे अंगारा आणायला बसू नका. रक्ताची गुठळी अडकून झटका आला असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन लागतो. आपल्या भागातून मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचायलाच किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून 108 ला फोन करा आणि लगेच निघा. जीव वाचल्यावर व्यायाम सोडू नका. हाताला पुन्हा पुन्हा काम दिले की मेंदू नव्या वाटा शोधतो, असे आता डॉक्टर सांगतात.

दुसरी गोष्ट. 2016 साली अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. त्यात 21 प्रकारचे अपंगत्व धरले आहे. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर 6 ते 18 वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, सरकारी उच्च शिक्षणात 5 टक्के आणि सरकारी नोकरीत 4 टक्के जागा राखीव आहेत. दाखला आणि यूडीआयडी कार्ड काढायला गरीब माणूस हेलपाटे घालून थकतो आणि नाद सोडून देतो. आपल्या तरुणांनी अशा घरांची यादी करावी, फॉर्म भरून द्यावेत, सोबत जावे. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा म्हणून झगडलेल्या माणसाची जयंती करायची आणि आपल्याच आळीतले पोर शाळेबाहेर ठेवायचे, हे बरे दिसत नाही.

तिसरी गोष्ट साधी आहे. खेड्यापाड्यांतल्या बऱ्याच विहारांना पायऱ्या असतात, उतार नसतो. दोन पोती सिमेंट आणि एका रविवारचे श्रमदान, एवढ्यात उतार होतो. ज्याला चालता येत नाही त्याने वंदनेला बाहेर रस्त्यावर का बसावे? आणि ज्यांना आणून पुढच्या रांगेत बसवायचे त्यांना नुसते ऐकायला बसवू नका, त्यांच्याकडे कामही द्या. कुणी हिशेब लिहील, कुणी मुलांचा अभ्यास घेईल, कुणी बुद्धवंदना म्हणेल. तात्यासाहेबांना लोकांची सहानुभूती पुष्कळ मिळाली असती, पण त्यांना काम हवे होते आणि ते त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

ज्या घरात असे एखादे माणूस आहे त्या घरातल्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे. त्याच्यासमोर वही ठेवा, लेखणी ठेवा, हत्यार ठेवा, जे जमेल ते ठेवा. अक्षर वाकडे आले तरी चालेल.

सर्वांना वर्धापनदिनाच्या मंगल कामना.

जय जोती! जयभीम! नमो बुद्धाय!